आमदारसाहेबांनी सांगितलेला कायदा आणि सांगायचा राहिलेला कायदा

(दिवाळीच्या आधी पाड्यावर झालेल्या बैठकीतलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने शेजारच्याला वाचून दाखवावं.)





दसरा झाल्यावर आमदारसाहेब आपल्याकडे येऊन गेले. शाळेपुढं मंडप टाकला, भोंगा लावला, आपल्याच पोरांना तारपा वाजवायला बोलावलं. आपण भातकापणी सोडून गेलो. साहेब तासाच्या वर बोलले. सरकारने कोणकोणते नवे कायदे केले, काय काय योजना आल्या, तालुक्यात काय काय होणार, ते सगळं त्यांनी सांगितलं. आम्ही पोरं मागं बसून वहीत लिहून घेत होतो. मग चार रात्री कंदिलाखाली बसून वही आणि कायद्याचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचलं. ते पुस्तकातलं मराठी असं आहे की आम्हा बारावी झालेल्यांनाही एकेक ओळ दोनदा वाचावी लागते. तरी वाचलं. आज जे सांगतो ते त्यातलं आहे.

साहेबांना शिव्या द्यायला आम्ही उभे नाही. त्यांनी बऱ्याच गोष्टी खऱ्या सांगितल्या. रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे त्याने काम मागितलं तर 15 दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा, हे खरं आहे. फक्त काम तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या. पोच नसली तर 15 दिवस कुठून मोजणार? कर्जमाफीचंही ते बोलले. तेव्हा आपल्यातल्या एका आजीने खालूनच विचारलं, "साहेब, सातबारा नाही म्हणून बँकेने कर्जच दिलं नाही, तर आमचं काय माफ झालं?" सगळे हसले, साहेबही हसले, आणि पुढच्या विषयावर गेले. पण आपलं सगळं दुखणं त्या आजीच्या प्रश्नात आहे. जमीन कसतो आपण, कागदावर ती फॉरेस्टची. म्हणून वनहक्काच्या कायद्यावरच जास्त बोलायचं आहे.

साहेब म्हणाले, "आम्ही तुमच्यासाठी कायदा केला." हा कायदा दिल्लीत झाला. 2006 च्या डिसेंबरात लोकसभेत आणि राज्यसभेत पास झाला, आणि 2008 च्या 1 जानेवारीला त्याचे नियम आले. तो काही कोणाच्या मनात दया आली म्हणून झाला नाही. 2002 साली दिल्लीहून हुकूम निघाला होता की जंगलातली अतिक्रमणं त्याच वर्षी सप्टेंबरच्या आत काढा. देशभर आदिवासींना प्लॉटवरून हुसकायला लागले, झोपड्या मोडल्या, उभं पीक उपटलं. त्याच्या विरोधात ठिकठिकाणचे लोक मोर्चे घेऊन उठले, आपली माणसंही चालत गेली होती, त्यातले चार-पाच जण इथं पुढंच बसले आहेत. त्यांच्या पायांनी हा कायदा झाला. कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की जंगलात राहणाऱ्यांवर पूर्वीपासून अन्याय झाला, तो आता दुरुस्त करायचा. सरकारच्या पुस्तकात असं लिहिलेलं आम्ही तरी पहिल्यांदाच वाचलं.

आमदार जिथं बसतात ती विधानसभा मुंबईत आहे. तिथं आपलं एक काम बरीच वर्षं पडून होतं. 1996 साली दिल्लीत पेसा कायदा झाला. त्यात सांगितलं आहे की आदिवासी भागात एक वस्ती, म्हणजे आपल्यासारखा पाडासुद्धा, आपलं आपण बघत असेल तर तो गाव धरावा आणि त्याची स्वतःची ग्रामसभा असावी. त्याचे नियम राज्य सरकारने करायचे. ते 2014 साली झाले. तोपर्यंत ग्रामसेवक सगळ्या पाड्यांची मिळून एकच ग्रामसभा पंचायतीच्या ऑफिसात घ्यायचा. आमदारसाहेबांनी आपल्यासाठी काही करायचंच असेल तर पाड्याच्या ग्रामसभेचा प्रश्न विधानसभेत उचलावा. आम्ही तसा अर्ज लिहिला आहे. शेवटी वाचून दाखवू, पटलं तर सह्या-अंगठे द्या.

आता 10 एकराची गोष्ट. साहेब म्हणाले, "प्रत्येक कुटुंबाला 10 एकर मिळणार." टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. पण कायद्यात तसं नाही. 2005 च्या 13 डिसेंबरला जी जमीन तुमच्या ताब्यात होती, जी तुम्ही खरोखर कसत होता, तेवढ्यावरच हक्क आहे. आणि ती कितीही मोठी असली तरी 4 हेक्टरच्या वर नाही. 4 हेक्टर म्हणजे जवळजवळ 10 एकर, तिथून तो आकडा आला. म्हणजे ज्याची 30 गुंठे वरई-नागलीची जागा आहे त्याला 30 गुंठेच मिळणार. ज्याचा प्लॉट 3 एकर आहे त्याला 3 एकर. 10 एकर ही वरची हद्द आहे, वाटप नाही.

हे इतकं फोड करून का सांगतो ते ऐका. सभा झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी पलीकडच्या डोंगरावर कुऱ्हाडीचा आवाज आला. आम्ही गेलो तर आपल्याच पाड्याची सात-आठ पोरं साग-ऐन तोडत होती. विचारलं तर म्हणाली, "माझी जमीन दोनच एकर भरते, मग साहेबांनी सांगितलेली बाकीची आठ कुठून आणू?" त्या पोरांना दोष देणार नाही. ज्याच्याकडे दोन एकर मुरमाड आहे त्याला 10 म्हटल्यावर तो धावणारच. पण 2005 नंतर तोडलेली जागा कायद्यात बसत नाही, तिथं गुन्हा दाखल होईल, आणि एका माणसाने नवीन तोडलं की फॉरेस्टवाले सगळ्या पाड्याचे दावे संशयात घालतील. जुनी जागा खोट्यात काढायला त्यांना तेवढंच निमित्त पुरतं. त्या दिवशी पोरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. तोडलेली झाडं तिथंच पडली आहेत, ती आपण घरी आणायची नाहीत. आपल्या समितीने जाऊन किती बुंधे आहेत ते मोजून वहीत लिहिलं आहे. लपवायचं काहीच नाही, उद्या कोणी विचारलं तर आपणच दाखवू. आणि इथून पुढं कोणी नवीन तोडलं तर पाडा त्याच्या मागं उभा राहणार नाही, हे गावदेवापुढं ठरलेलं आहे.

साहेब असंही म्हणाले की जमीन तुमच्या मालकीची होणार, मग विका, ठेवा, काय हवं ते करा. हेही तसं नाही. ही जमीन पोरांना, नातवंडांना जाईल, पण विकता येणार नाही आणि सावकाराकडे गहाण टाकता येणार नाही. काही लोकांना हे ऐकून वाईट वाटलं. आमचं मत उलटं आहे. आपल्या बापजाद्यांच्या जमिनी दारूच्या बाटलीवर, पाच-दहा पायली भातावर कशा गेल्या ते म्हाताऱ्यांना विचारा. ही तरी तशी जाणार नाही.

पुरावा काय लागतो? यावर साहेब दोनच वाक्यं बोलले, "कागदपत्रं तयार ठेवा, नाहीतर माझ्या ऑफिसात या, माणूस बसवला आहे." तो माणूस एका फॉर्मला पैसे घेतो असं दोन पाड्यांच्या लोकांनी आम्हाला सांगितलं. फॉर्मला पैसे नाहीत. वैयक्तिक दाव्याचा नमुना अ आणि सामूहिक दाव्याचा नमुना ब आमच्याकडे आहेत. ते साध्या वहीच्या कागदावर आखून घेतले तरी चालतात.

पुरावे दोन तरी पाहिजेत, एकावर भागत नाही. पण कोणकोणते चालतात ती यादी लांब आहे. रेशनकार्ड, मतदार कार्ड, घरपट्टीची पावती हे तर आहेच. शेतातला बांध, सपाट केलेली खाचरं, विहीर, झोपडीची जोती, मसणवट, वाघदेवाचा दगड, हेसुद्धा पुराव्यात येतं. ज्यांचे पाडे पूर्वी जव्हार संस्थानात होते त्यांच्यासाठी संस्थानच्या वेळचे कागद चालतात. कोणाचा बाप, कोणाचा आजा, ही वंशावळ चालते. आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाने जबाब दिला आणि तो लिहून घेतला, तर तोही पुरावा आहे. म्हणजे पुढं बसलेली ही मंडळी आपली कचेरी आहे, त्यांना जपा.

आणि एक गंमत सांगतो. गेल्या पावसात आमच्यातल्या एकाच्या घरी पत्र्याच्या पेटीत पावत्यांचा गठ्ठा सापडला. आज्याने प्लॉट कसला म्हणून फॉरेस्टने दंड केला त्याच्या पावत्या. आजी दर वर्षी त्या पावत्या दिव्याला लावायला काढायची आणि पुन्हा ठेवायची. ती म्हणायची, पैसे दिले आहेत, कागद टाकायचा कसा. आता त्या पावतीवर तारीख आहे, नाव आहे, जागेचा कंपार्टमेंट नंबर आहे. फॉरेस्टनेच लिहून दिलं आहे की हा माणूस त्या साली तिथं कसत होता. याच्यापेक्षा चांगला पुरावा आणखी कोणता? तेव्हा घरी गेलात की पेट्या, भिंतीतले कोनाडे, कणगीच्या मागची गाठोडी उघडून बघा. कोर्टाचा समन्स असो, दंडाची पावती असो, उंदराने अर्धा खाल्लेला असो, सगळं घेऊन या. ज्याच्याकडे काही नाही त्याने माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करावा आणि आपल्या नावावरच्या जुन्या गुन्ह्यांची नक्कल मागावी. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असलं तर तेही 10 रुपये नाहीत.

मुदत संपत आली, घाई करा, असं साहेब म्हणाले. ग्रामसभेने दावे मागवल्यापासून तीन महिने असतात, पण कारण लिहून ती मुदत वाढवायचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. घाईघाईत कोणाला पैसे देऊन अंगठा देऊ नका. आणि दाव्याची चौकशी पुरी होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून उठवता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. प्लॉटात झाडं लावायला कोणी खड्डे खोदायला आलं तर भांडण करू नका, हात उचलू नका. पाच माणसं बोलवा, त्यांच्यासमोर कागद लिहा, सह्या घ्या, आणि नक्कल प्रांतसाहेबांच्या कचेरीत देऊन पोच घ्या.

प्रांताचं नाव निघालं म्हणून सांगतो. दावा आधी पाड्याची वनहक्क समिती बघते, जागेवर जाऊन मोजते. मग ग्रामसभा ठराव करते. मग तो प्रांताच्या समितीकडे आणि तिथून कलेक्टरच्या समितीकडे जातो. प्रांताच्या समितीत वनखात्याचा अधिकारी असतो, आदिवासी विकासचा असतो, पंचायत समितीचे तीन सदस्य असतात, त्यात दोन तरी आदिवासी आणि एक बाई पाहिजे. आमदाराची खुर्ची त्यात नाही. दावा नाकारला तर 60 दिवसांत वर दाद मागता येते, आणि तुमचं ऐकून घेतल्याशिवाय तुमच्या विरोधात निकाल देता येत नाही. "मी पट्टे मिळवून देतो" असं कोणीही म्हटलं, आमदार म्हणो, दलाल म्हणो, उद्या आमच्यातलं पोर म्हणो, तर त्याला एवढंच विचारा, "तू कोणत्या समितीत?"

सामूहिक हक्काचं साहेब काहीच बोलले नाहीत. त्यांना माहीत नसेल असं धरू. मोह, हिरडा, मध, डिंक, टेंभुर्णीची पानं, कंदमुळं, आणि बांबूसुद्धा, हे गौण वनोपज म्हणून गोळा करायचा आणि विकायचा हक्क या कायद्यात आहे. आजपर्यंत बांबूचा एक दांडा डोक्यावर दिसला की गार्ड अडवायचा. गुरं चारायची जागा, मासे धरायचा ओहोळ, हेही आहे. आणि जे जंगल आपण पिढ्यान् पिढ्या राखलं ते राखायचा हक्क आहे. हा दावा ग्रामसभेच्या नावाने करायचा असतो. ज्याचा एक गुंठाही प्लॉट नाही, त्या कातकरी भावालाही यात वाटा आहे. म्हणून नमुना ब आधी भरू असं आमचं म्हणणं आहे. काही जण म्हणतात आधी आपापल्या प्लॉटचं बघू. यावर आज बोला, आम्ही ऐकायला बसलो आहोत.

रस्त्याचंही तेच. साहेब म्हणाले, फॉरेस्ट परवानगी देत नाही म्हणून तुमचा रस्ता अडला. याच कायद्यात लिहिलं आहे की शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची पाइपलाइन, तळं, रस्ता, अशा कामांना 1 हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी 75 पर्यंत झाडं जात असतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर वनजमीन देता येते. गेल्या पावसाळ्यात बाळंतपणाची बाई डोलीतून नेली ती वाट आठवा. ठराव आपल्यालाच करायचा आहे.

बायांसाठी एक गोष्ट नीट सांगायची आहे, पुरुषांनीही ऐका. लग्न झालेल्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. घरात बाईच कर्ती असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. आपल्या पाड्यात एका विधवेचा प्लॉट तिच्या दिराने स्वतःच्या फॉर्ममध्ये घातला होता. ती दहा वर्षं एकटी नांगर धरते, हे सगळ्या पाड्याने बघितलं आहे. समितीने दिराला बोलावलं, दोन बैठका झाल्या, शिवीगाळही झाली. आता तिचा फॉर्म वेगळा भरला आहे. समितीत तीन भागांपैकी एक भाग बाया पाहिजेत असा नियम आहे. आपण पाच घेतल्या. त्या पाच जणी नसत्या तर हे प्रकरण बाहेर आलं नसतं, हे आम्हाला कबूल करावं लागेल.

आता आमची चूक. हे सांगायला लाज वाटते, पण लपवलं तर पुन्हा तेच होईल.

वैशाखात आपण पहिली ग्रामसभा घेतली. नियम असा आहे की सगळ्या प्रौढ माणसांपैकी निम्मी तरी हजर पाहिजेत. आपल्या पाड्यात 212 प्रौढ माणसं, म्हणजे 106 लागतात. त्या दिवशी आली 97. बाकीचे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर होते. आम्ही शिकलेली पोरं, वही आमच्या हातात. आम्ही विचार केला, सगळी आपलीच माणसं आहेत, कोण नाही म्हणणार आहे? आणि जे नव्हते त्यांचे अंगठे आम्ही आमच्याच बोटांनी उठवले. वही वर गेली. महिनाभराने आम्हाला कचेरीत बोलावलं. साहेबाने वही उघडली, एका नावावर पेन ठेवला आणि विचारलं, "हा माणूस त्या दिवशी कुठं होता?" आम्ही गप्प. मग दुसरं नाव, तिसरं नाव. त्याच्याकडे भट्टीवरच्या मुकादमाची हजेरी होती, कुठून मिळवली कोण जाणे. सगळी वही परत आली. पाड्याचे 63 दावे चार महिने मागं गेले, ते आमच्यामुळे. खऱ्या हक्काला आम्ही खोटे अंगठे लावले. त्या अधिकाऱ्यावर राग काढायला आम्हाला तोंडच उरलं नाही.

म्हणून आता घाई आहे, आणि ही घाई साहेबांच्या मुदतीची नाही, ट्रकची आहे. दिवाळी झाली की भट्टीवाल्यांचे ट्रक पाड्यात येतील. बऱ्याच घरांनी उचल घेऊन ठेवली आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि पोटासाठी जायलाच लागतं, थांबा असं आम्ही म्हणणार नाही. एकदा ट्रक गेले की पुढच्या पावसापर्यंत 106 माणसं या पाड्यात एका जागी दिसत नाहीत. तेव्हा ग्रामसभा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, याच झाडाखाली. ग्रामसेवकाला लेखी कळवलं आहे, पोच आमच्याकडे आहे. त्या दिवशी उचल घेतलेल्यांनी मुकादमाला सांगायचं, ट्रक दुपारनंतर आण.

वही या वेळी आमच्या हातात राहणार नाही. समितीतल्या दोन बाया वही धरतील, प्रत्येक माणूस स्वतः येऊन सही किंवा अंगठा करील, आणि 106 झाल्याशिवाय एकही ठराव वाचला जाणार नाही. जे म्हातारे चालू शकत नाहीत त्यांना आम्ही पोरं उचलून आणू, तेवढं काम आमच्याकडे द्या. मोजणीची दोरी आणि खुंट्या तयार आहेत. उद्यापासून वरच्या आळीचे प्लॉट मोजायला घेतो, फॉरेस्टला कळवलं आहे, ते आले तर बरं, नाही आले तरी तारीख लिहून मोजणार. ज्यांची कापणी राहिली आहे त्यांनी एक माणूस तरी शेतावर ठेवा, बांध कुठून कुठं ते दाखवायला.

आता आमदारसाहेबांना द्यायचा अर्ज वाचतो. काही चुकलं तर मध्येच थांबवा.